मुलांच्या तक्रारी आणि आमची माणसं

कामरेजच्या आमच्या शाळेत एक मूल सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळी परत पोहोचेपर्यंत दहा-बारा मोठ्या माणसांच्या हवाली होतं. बसचा ड्रायव्हर, बसच्या दारात उभ्या राहणाऱ्या मावशी, फाटकावरचा वॉचमन, वर्गशिक्षिका, खेळाचे सर, जेवण वाढणाऱ्या बायका, स्वच्छतागृहाशी बसणाऱ्या बेन. आणि मूल वसतिगृहातलं असेल तर रात्रीच्या गृहमाता किंवा गृहपती. यांच्यातल्या कोणावरही, कोणत्याही दिवशी आरोप होऊ शकतो. आधी वसतिगृहाची अधीक्षक म्हणून आणि पुढे मुख्याध्यापिका म्हणून असे आरोप माझ्या टेबलावर येत राहिले. काही खरे निघाले, काही खोटे, आणि बरेचसे असे की त्यांना दोन्हींतलं काहीच म्हणता येऊ नये. खोट्या आरोपांबद्दल बोलायला आमच्या क्षेत्रातली माणसं कचरतात. खऱ्या पीडित मुलाचं तोंड त्यामुळे बंद होईल, ही भीती त्यामागे असते आणि ती रास्त आहे. तरीही या विषयावर न बोलल्यानं दोन्हीकडचं नुकसान होतं, असं माझं मत बनलं आहे.

मी मूळची अमळनेरची. लग्न होऊन सुरतेला आले. सुरुवातीची नोकरी लिंबायतमध्ये केली. तिथं गल्लीत निम्मी माणसं खानदेशातली, त्यामुळे परक्या राज्यात आल्यासारखं कधी वाटलं नाही. कामरेजला आल्यावर मात्र चित्र बदललं. इकडे मुंबई-अहमदाबाद महामार्ग, तिकडे तापी, मध्ये उसाची शेतं आणि साखर कारखाना. चार रस्त्याच्या आसपास सौराष्ट्रातून आलेल्या रत्नकलाकारांच्या, म्हणजे हिरे घासणाऱ्या कारागिरांच्या, सोसायट्या उभ्या राहिल्या. मुलं बहुतेक त्यांची. त्या मुलांना सांभाळणारी खालच्या पगाराची माणसं मात्र नंदुरबार, नवापूर, डांग, धुळे इथली. हिवाळ्यात ऊसतोडीचे पडाव पडले की त्यांच्यातल्याच एखाद्या बाईची बहीण किंवा भावजय शेजारच्या शेतात कोयता घेऊन उभी असायची. म्हणजे आरोप करणारा आणि ज्याच्यावर आरोप होतो तो, यांची भाषा वेगळी, पैसा वेगळा, गावही वेगळं. चौकशी सुरू होण्याआधीच कोणाचं खरं मानायचं हे यातून निम्मं ठरून जातं. ते तसं ठरू न देणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम होतं.

आधी खऱ्या निघालेल्या तक्रारीबद्दल सांगते, कारण माझी पुढची सगळी पद्धत तिच्यावर उभी आहे. कामरेजच्या आधी मी ज्या संस्थेत होते, तिथं एका लोकप्रिय शिक्षकाबद्दल एका मुलीनं तक्रार केली. स्टाफरूममधलं एकही माणूस तिच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हतं. सर मनमिळाऊ, गरीब मुलांची फी भरणारे, संमेलनात गाणारे. मुलगी अभ्यासात मागे, खोटं बोलण्याबद्दल आधी शिक्षा झालेली. सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: ते असं करणारच नाहीत. तपासात मुलीचं म्हणणं खरं ठरलं, आणि तिच्या आधीही आणखी मुली होत्या हे कळलं. त्या दिवसापासून ‘मी या माणसाला ओळखते’ हे वाक्य मी चौकशीत कोणाच्याही तोंडून पुरावा म्हणून ऐकून घेतलं नाही. खोटे आरोप हाताळताना हीच शिस्त उपयोगी पडली. चांगला माणूस म्हणून सुटका नाही, तसंच उर्मट म्हणून, बाहेरगावचा म्हणून किंवा दारू पितो म्हणून कोणी दोषीही नाही.

तक्रार आली की काय करायचं, याबाबत कायदा स्पष्ट आहे. २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका जरी आली तरी पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाबद्दलचा गुन्हा कळवला नाही तर कलम २१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयानं रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२२ मध्ये तो पुन्हा उभा केला आणि माहिती दडवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं बजावलं. बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. तिथल्या शाळेच्या विश्वस्तांवर न कळवल्याबद्दलच गुन्हा दाखल झाला.

आमच्या विश्वस्तांना हे सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: ‘आणि तक्रार खोटी निघाली तर? त्या माणसाचं आयुष्य गेलं ना, बेन!’ प्रश्न बरोबर आहे. पण त्यावर त्यांचं उत्तर असायचं की आधी आपण आतल्या आत शहानिशा करू. माझा अनुभव नेमका उलटा आहे. निर्दोष माणसाचं सगळ्यात जास्त वाटोळं या आतल्या शहानिशेनंच होतं. मुलाला पाच जण पाच वेळा विचारतात, प्रत्येक वेळी उत्तर थोडं बदलतं. कॅमेऱ्याचं चित्रण दोन-तीन आठवड्यांत पुसलं जातं. साक्षीदार एकमेकांशी बोलून घेतात. मग पोलीस येतात तेव्हा निर्दोषपणाचाही पुरावा उरलेला नसतो. चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, हेही त्याच कलम १९ मध्ये लिहिलेलं आहे. मुख्याध्यापकांच्या बैठकीत हे वाक्य मी अनेकदा वाचून दाखवलं आहे.

खो-खोच्या सरांचं प्रकरण मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. सहावीतल्या एका मुलाचे काका सकाळी पंचवीस-तीस माणसं घेऊन फाटकावर आले. मुलाच्या पाठीवर आणि दंडावर वळ होते, त्यांचे फोटो आदल्या रात्रीच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरले होते. सरांनी वायरनं मारलं असं मुलगा म्हणतोय, असं काकांचं म्हणणं. त्या मुलाला सरांनी नुकतंच संघातून वगळलं होतं, त्यामुळे स्टाफचं मत तासाभरात तयार झालं: संघात घेतलं नाही म्हणून सूड. एका विश्वस्तांना वाटत होतं की सरांचा राजीनामा घेऊन गर्दी शांत करावी. दुसऱ्यांना वाटत होतं की काकांना काही रक्कम द्यावी आणि मिटवावं.

मी दोन्हींतलं काहीच केलं नाही. मुलाला एकदाच, वर्गशिक्षिकेला शेजारी बसवून विचारलं: काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग. तो जे गुजरातीत बोलला ते तसंच्या तसं, वाक्य न सुधारता, पानांवर आकडे घातलेल्या वहीत लिहिलं आणि वेळ टाकली. तो एवढंच म्हणाला की सरांनी मारलं, आणि मग खाली बघत राहिला. कुठे, कधी, कशानं, हे मी विचारलं नाही. ते विचारायचं काम माझं नव्हतं. सरांना त्याच तासाला मुलांपासून दूर, कार्यालयात बसवलं. पगार चालू राहील आणि हा दोषाचा ठपका नाही, असं लेखी दिलं. मैदानाचं आणि जिन्याचं चित्रण वेगळं काढून ठेवलं. सरकारी दवाखान्यात मुलाची तपासणी झाली, आणि पोलिसांना व बालकल्याण समितीला त्याच दिवशी कळवलं.

पुढच्या काही दिवसांत जे समोर आलं त्याची आमच्यापैकी कोणाला कल्पना नव्हती. काका ज्या दिवसाचं नाव घेत होते त्या दिवशी सर खेल महाकुंभच्या तालुका स्पर्धेला मोठ्या मुलांचा संघ घेऊन गेले होते. सकाळी निघाले ते अंधार पडल्यावर परतले. आरोप खोटा होता. पण वळ खोटे नव्हते. डॉक्टरांनी लिहिलं की काही वळ नवे आहेत, काही जुने. मुलाचे आईवडील सौराष्ट्रात गावी होते, तो शिकायला काकांकडे राहत होता. समितीच्या समुपदेशक बाईंपाशी, एकटा असताना, कितीतरी वेळानं तो बोलला. मारणारं माणूस घरातलंच होतं. शेजारणीनं वळ पाहिले आणि घरातल्या कोणीतरी घाईनं विचारलं, ‘सरांनी मारलं ना?’ त्यानं मान हलवली. तेवढ्यावर सगळं उभं राहिलं होतं.

आम्ही जर तो आरोप खोटा म्हणून त्याच दिवशी निकालात काढला असता, तर सर सुटले असते आणि मुलगा त्याच घरात परत गेला असता. राजीनामा घेतला असता तरी मुलगा त्याच घरात गेला असता. मुलगा खोटं बोलला हे खरं. पण ज्याचं नाव घेतल्यावर घरी मार पडणार नाही अशा एकमेव मोठ्या माणसाचं त्यानं नाव घेतलं. सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी विचारलं, ‘तो आता कुठं आहे?’ त्याची आई गावाहून येऊन त्याला घेऊन गेली होती. सर पुढच्या सोमवारी मैदानावर परतले. माणूस मोठ्या मनाचा होता, पण सगळ्यांकडून तशी अपेक्षा ठेवणं चूक आहे.

मुलाला कसं विचारायचं, याचा धडा जगानं फार महाग घेतला आहे. १९८३ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच या गावी मॅकमार्टिन नावाच्या बालवाडीतल्या एका शिक्षकावर आरोप झाला. पोलिसांनी सुमारे दोनशे पालकांना पत्र पाठवून आपापल्या मुलांना विचारायला सांगितलं. मग शेकडो मुलांच्या मुलाखती झाल्या. मूल ‘नाही’ म्हणालं की पुन्हा विचारायचं, ‘हो’ म्हणालं की शाबासकी. मुलं अशक्य गोष्टी सांगू लागली. खटला १९९० पर्यंत चालला, एकालाही शिक्षा झाली नाही, आणि तो शिक्षक त्यातली पाच वर्षं तुरुंगात होता. त्या बालवाडीत खरोखर काही झालं होतं का, हे आता कधीच कळणार नाही, कारण प्रश्न विचारणाऱ्यांनी मुलांच्या आठवणींवर आपली बोटं उमटवून ठेवली. त्या दोनशे पत्रांचं काम आज आपल्याकडे पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप एका रात्रीत करतो. म्हणून तक्रार आली की मी वर्गाच्या ग्रुपवर एकच संदेश टाकायचे: बाब संबंधित यंत्रणेकडे दिली आहे, आपल्या मुलांना खोदून विचारू नका, मूल आपणहून बोललं तर ऐका आणि आम्हाला किंवा १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळवा. मुलाचं नाव नाही, कर्मचाऱ्याचंही नाही.

मोठ्या मुलांचं वेगळं असतं. वसतिगृहातल्या नववीच्या तीन मुलींनी गृहमातेविरुद्ध लेखी तक्रार दिली. रात्री न्हाणीघराशी येऊन बघत उभी राहते, असं त्यात होतं. गृहमाता नवापूरकडची, विधवा, मुलींवर कडक. आठवड्यापूर्वीच तिनं त्यांच्याकडून लपवलेला मोबाइल जप्त केला होता. तिन्ही अर्जांत एक वाक्य अक्षरशः सारखं होतं. अर्ज सारखे असले म्हणजे ते खोटेच असतात असं नाही, मैत्रिणी मिळून खरंही लिहितात. म्हणून आम्ही नेहमीचीच वाट धरली. साध्या कपड्यांतल्या महिला पोलीस अधिकाऱ्यानं तिघींशी वेगवेगळं बोलल्यावर दुसऱ्याच दिवशी एकीनं सांगून टाकलं की मोबाइल परत मिळावा आणि बाईंची बदली व्हावी म्हणून हे केलं.

मग शाळेत दुसरंच वादळ उठलं. कर्मचाऱ्यांना मुलींना काढून टाकायला हवं होतं. काहींनी पॉक्सोचं कलम २२ दाखवलं, कारण खोट्या तक्रारीला त्यात शिक्षा आहे. ते कलम मी त्यांना पूर्ण वाचून दाखवलं. बदनामी, धमकी, अपमान किंवा पैसे उकळणं याच हेतूनं जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते; पण तक्रार मुलानं केली असेल तर त्याला शिक्षा नाही. हा अपवाद विचारपूर्वक ठेवलेला आहे आणि मला तो पूर्ण मान्य आहे. त्या तिघींना आम्ही काढलं असतं तर वसतिगृहातल्या बाकीच्या मुलींना एकच संदेश गेला असता: बोललात तर घरी जाल. तक्रार घ्यायच्या आधी पालकांना ‘खोटं निघालं तर आत जाल’ असं सांगणारे मुख्याध्यापक मी पाहिले आहेत. ते आपल्या कर्मचाऱ्यांचं रक्षण करत नाहीत. त्यांच्या शाळेत खरा गुन्हेगार असेल तर तो निर्धास्त होतो.

मुली राहिल्या, त्यांच्या आईवडिलांना बोलावलं, वर्षभर समुपदेशन चाललं. गृहमाता मात्र राहिली नाही. मी तिला संस्थेच्या शिक्क्याचं पत्र दिलं, थकलेला एक पैसाही नव्हता, जागा रिकामी ठेवली. ती म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही कागद दिला. गावात कागद कोण वाचतं?’ तिच्या दिराला इथल्याच एका ओळखीच्या माणसानं फोनवर सगळं आधीच सांगितलं होतं. ती शेतमजुरीला गेली. मी अजूनही हे प्रकरण नीट हाताळलं गेलं असंच मानते, आणि तरीही एका निरपराध बाईची नोकरी गेली. नीट हाताळूनही किंमत मोजावी लागते, हे कोणत्याही प्रशिक्षणात सांगत नाहीत.

ही किंमत बहुतेक वेळा खालच्या माणसांनाच पडते. शिक्षकावर आरोप झाला तर समिती बसते. ड्रायव्हरवर झाला तर कंत्राटदाराला फोन जातो आणि संध्याकाळपर्यंत दुसरा ड्रायव्हर हजर होतो. आमच्याकडे एका छोट्या मुलीच्या आईनं तक्रार केली की ड्रायव्हरकाकांनी मुलीला धरून ठेवलं. कंत्राटदारानं त्याला विचारलंसुद्धा नाही. नंतर बसमधलं चित्रण आणि जीपीएसची नोंद जुळवून पाहिली. चार रस्त्याच्या पुलाखाली ट्रकांच्या रांगेत बस उभी असताना ती मुलगी दाराकडे पळाली होती आणि त्यानं दप्तराचा पट्टा पकडून तिला आत ओढलं होतं. आई चित्रण पाहून रडली. तोवर त्याच्या नावापुढे ‘पोरीच्या भानगडीत काढलेला’ असं लागलं होतं. सप्टेंबर २०१७ मध्ये गुरुग्रामच्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला, तेव्हा पोलिसांनी त्याच दिवशी शाळेच्या बसच्या कंडक्टरला पकडलं आणि त्यानं कबुली दिल्याचं सांगितलं. सीबीआयनं नोव्हेंबरमध्ये तपास वेगळ्याच दिशेला नेला, अकरावीतल्या एका विद्यार्थ्याला ताब्यात घेतलं, आणि पुढे कंडक्टर आरोपमुक्त झाला. मध्ये त्याचे दोन-अडीच महिने तुरुंगात गेले. देशभर तो खुनी म्हणून दाखवला गेला होता. ती बातमी वाचताना मला आमचे ड्रायव्हर दिसत होते. त्यानंतरच्या प्रत्येक करारात मी एक अट घालून घेतली: मुलांसंबंधीच्या तक्रारीवरून कोणालाही लेखी चौकशीशिवाय काढायचं नाही, आणि तोवरचा पगार संस्था देईल.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक आरोपानंतर कर्मचारी घाबरून हात आखडते घेतात. बालवर्गातलं एक मूल घसरगुंडीवरून पडलं आणि दोन मावशी त्याला न उचलता माझी वाट बघत उभ्या राहिल्या, कारण आदल्या आठवड्यात कोणीतरी त्यांना ‘मुलांना हातच लावू नका’ असं सांगितलं होतं. रडणाऱ्या मुलाला हात लावायला घाबरणारी शाळा सुरक्षित नसते. आम्ही बसून साधे नियम ठरवले: पडलं तर उचला, रडलं तर जवळ घ्या, कपडे बदलताना दोघी जणी आणि दार उघडं, एकट्या मुलाला बंद खोलीत न्यायचं नाही, काही वेगळं घडलं तर दिवस मावळण्याआधी वहीत लिहा. सगळ्यांची पोलीस पडताळणी करून घेतली. २०२० च्या पॉक्सो नियमांप्रमाणे ती तशीही करावीच लागते. त्या वहीनं पुढे किती जणांना वाचवलं ते मला माहीत आहे. बेनने आपणहून लिहिलेलं असायचं, ‘आज अमुक वेळी मुलगा पायरीवर पडला, कोपर खरचटलं, आईला फोन केला’. आणि तीन दिवसांनी त्याच कोपराची तक्रार यायची.

खोटा या शब्दात आपण फार काही कोंबतो. महाराष्ट्रात आणि गुजरातेत पोलीस प्रकरण बंद करताना समरीचे, म्हणजे अंतिम अहवालाचे, प्रकार करतात: गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही ती ए, द्वेषानं केलेली खोटी फिर्याद ती बी, आणि गैरसमजातून आलेली, खरीही नाही आणि खोटीही नाही, ती सी. माझ्यापुढे आलेल्या ज्या तक्रारींना लोक खोट्या म्हणायचे, त्यातल्या बहुतेक सी मध्ये बसणाऱ्या होत्या. आईनं घाबरून अर्थ लावला होता, मुलानं मान हलवली होती, कोणीतरी फोटो पुढे पाठवला होता. ठरवून केलेली फिर्याद विरळा. आणि काही प्रकरणांचं मला आजही माहीत नाही. पुरावा मिळाला नाही, माणूस कामावर परतला, मूल दुसऱ्या शाळेत गेलं. अशा माणसाला मी निर्दोष म्हणून वागवलं, कारण तसंच वागवायला हवं, आणि त्याच्या ड्युटीच्या वेळी जिन्यावर आणखी एक माणूस उभा ठेवला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

शाळा, वसतिगृहं, क्लास चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. तक्रार आली तर कळवा, मुलाला एकदाच विचारा, लिहून ठेवा, चित्रण जपा आणि चौकशी संपेपर्यंत त्या माणसाचा पगार थांबवू नका. आणि तो निर्दोष ठरला तर आरोप जितक्या मोठ्यानं पसरला होता तितक्याच मोठ्यानं, त्याच पालकांना, त्याच ग्रुपवर, त्याच्या संमतीनं, हे संस्थेच्या नावानं कळवा. आपल्या बहुतेक संस्था एवढं शेवटचं काम करत नाहीत.